खासदारांचा मासिक अहवाल: संख्या नको, मजकूर हवा

नाशिकच्या खासदारांनी मतदारांना द्यायच्या मासिक अहवालात संसदेत विचारलेल्या प्रश्नांची संख्या हीच कामगिरीची कसोटी मानावी, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला पटत नाही. लोकसभेत तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात व त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, मात्र दिवसाला असे २० च प्रश्न सोडतीने यादीत येतात आणि त्यांतलेही मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. अतारांकित प्रश्नाचे फक्त लेखी उत्तर पटलावर ठेवले जाते, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येत नाहीत. म्हणून डिसेंबर २०२३ मधील कांदा निर्यातबंदीसारख्या विषयावर नाशिककरांना उत्तराचा मजकूर वाचायला मिळाला पाहिजे. (कांद्याची मोठी बाजारपेठ असलेले लासलगाव शेजारच्या दिंडोरी मतदारसंघात येते हे खरे, पण कांदा नाशिक मतदारसंघातल्या सिन्नरचा शेतकरीही पिकवतो.) वार्षिक ५ कोटींच्या स्थानिक विकास निधीतून खासदार कामांची केवळ शिफारस करतात, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. तेव्हा इगतपुरी तालुक्यातल्या एखाद्या समाजमंदिराचा नारळ फोडतानाच्या छायाचित्राखाली ‘काम मार्गी लावले’ असे लिहिण्याऐवजी शिफारशीची तारीख, प्रशासकीय मान्यता आणि प्रत्यक्ष खर्ची पडलेली रक्कम द्यावी.