शुगर लो झालेली ओळखणारं कुत्रं घ्यायचंय, कोणतं बघू?

जुळेसोलापूरची_आई:
लेक 11 वर्षांची, टाईप 1 डायबेटिस, दोन वर्षं झाली इन्सुलिन चालू आहे. गेल्या महिन्यात पहाटे तीनला नळाला पाणी आलं म्हणून उठले, सहज तिच्याकडं गेले तर चादर ओलीचिंब, मीटर लावला तर 48 आणि ही आपली गाढ झोपेत. त्या रात्री आमचा पाण्याचा वार नसता तर काय झालं असतं हा विचारच डोक्यातून जात नाही, तेव्हापासून रोज दोनचा अलार्म लावून उठते. दिरांनी व्हिडिओ पाठवला की बाहेरच्या देशात कुत्री वासावरून लो ओळखतात. मिस्टर म्हणतात लॅबचं (लॅब्राडोरचं) पिल्लू आणू, विजापूर रोडला एकजण देतोय. लॅबच लागतो का? गावठी चालेल? निवडताना काय बघायचं? (सासूबाईंचा विरोध आहे, तो वेगळा विषय.)

कडक_भाकरी:
ताई, 20 वर्षं कुत्री पाळतोय म्हणून सांगतो, जात दुय्यम आहे. तिकडं लॅब, गोल्डन रिट्रीव्हर घेतात कारण खाण्याला हावरट असतात आणि खाऊसाठी काहीही शिकतात, पण आपल्या मे महिन्यात त्या केसाळ गोल्डनचे हाल होतात बघा. गावठीचं नाक काही कमी नसतं. सगळे जण शांत, शहाणं कुत्रं शोधतात, तुम्हाला मात्र चिकट पाहिजे, "गप बस, जा" म्हटलं तरी उठवल्याशिवाय न हलणारं. घेताना तिथंच मुठीत शेंगदाणा धरून बघा, दोनदा हुंगून निघून गेलं तर सोडून द्या, पंजा मारत बसलं तर विचार करा. आणि फटाक्याला पलंगाखाली जाणारं नको. पिल्लापेक्षा वर्ष-दीड वर्षाचं बघा, पिल्लू पहिलं वर्ष तुमच्या चपला खाण्यातच घालवतं.

मीटर_पहिला:
मी स्वतः टाईप 1, होटगी रोडला राहतो. वासाचं खोटं नाही, 2016 साली केंब्रिजच्या लोकांनी मोजलं होतं, शुगर उतरली की श्वासात आयसोप्रीन नावाचा वायू वाढतो, कुत्र्याला कदाचित तोच कळत असावा. पण पुढचं पण ऐका. 2019 च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात 27 शिकवलेल्या कुत्र्यांनी शुगर लो झाल्याचे साधारण 83 टक्के प्रसंग पकडले, तर 2017 च्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात कुत्र्यांनी दिलेल्या इशाऱ्यांपैकी 12 टक्केच खऱ्या लो निघाल्या, आणि कुत्रं आणि सेन्सर (अंगावर लावायचं, सतत शुगर मोजणारं यंत्र) अशा दोघांनी पकडलेल्या लोमध्ये सेन्सरला साधारण 22 मिनिटं आधी कळलं होतं. म्हणजे नुसत्या कुत्र्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळं आधी दंडावरचा सेन्सर घ्या, पण अलार्म वाजणाराच घ्या, काहींना स्वतःहून वाजायची सोयच नसते. 14 दिवसाला एक, खर्च आहे, मान्य. पोरगी त्या दंडावर झोपली की खोटा लो पण दाखवतो, म्हणून बोट टोचून खात्री करायची. 70 च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत चेक. ती शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, ग्लुकागॉनबद्दल (शुगर वाढवणारं तातडीचं औषध) डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

कडक_भाकरी:
हे बरोबर आहे दादांचं. शिकवायचंच असेल तर लो असताना आधी तिला साखर द्या, मग स्वच्छ कापसानं मानेवरचा घाम टिपून काचेच्या बरणीत, बरणी फ्रीजरला. शुगर नॉर्मल असतानाचा कापूस पण ठेवायचा, नाहीतर कुत्रं काय शिकतं तर पोरीचा वास, आणि दिवसभर भुंकत बसतं. चिमट्यानं धरा, तुमच्या हाताला लसणाचा वास असणारच.

मीटर_पहिला:
आमच्या दारातली गावठी कुत्री न शिकवता दोनदा माझ्या पायाशी येऊन कुईकुई करत बसली, दोन्ही वेळा माझी शुगर साठच्या घरात होती. पण तशीच ती बिस्किटाच्या पुड्यासाठी पण करते. म्हणून माझं नाव मीटर_पहिला.

जुळेसोलापूरची_आई:
मिस्टरांना वाचून दाखवलं. सोमवारी सेन्सर लावतोय, पिल्लू रद्द. गल्लीत एक काळी आहे, लेक शाळेतून आली की गेटपर्यंत मागं येते, काल मुठीत शेंगदाणे धरून बघितलं तर माझी बांगडी फोडली तिनं. सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, हिला अंगणात ठेवा, घरात नको. घाम टिपायला शाळेतल्या पट्टीचा कापूस चालेल का, त्याला औषधाचा वास येतो?

कडक_भाकरी:
नको, साधा गुंडाळीचा आणा. आणि काळीला आधी इंजेक्शनं द्या, रेबीजचं पहिलं.