जर्मनीत नर्सची नोकरी, गाडी चालवणं सक्तीचं: सोलापुरातून निघण्याआधी लायसनचं काय करू?

एमएच१३_स्कूटीवाली

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरची, जीएनएम नर्स. जर्मनची बी-२ परीक्षा झाली आणि उल्मजवळ नोकरीही पक्की झाली, पण काम हॉस्पिटलात नाही. संस्थेची गाडी घेऊन पेशंटच्या घरी जायचं, इन्सुलिन द्यायचं, ड्रेसिंग बदलायचं की पुढचं घर. करारातच लिहिलंय की चारचाकीचं लायसन पाहिजे.

लायसन आहे, दुचाकी-चारचाकी दोन्हीचं. पण रोजची माझी स्कूटी. पप्पांची वॅगनआर हातात येते ती फक्त अक्कलकोट नाहीतर तुळजापूरला जाताना, आणि तेव्हाही पप्पा शेजारी बसून स्वतःच्या पायाने नसलेला ब्रेक दाबत असतात.

विजापूर रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं की भागतं का? कोणी म्हणतं सहा महिने चालतं, कोणी म्हणतं वर्षभर. तिथे पहिल्यापासून क्लास लावावा लागतो की नुसती परीक्षा? निघायला दोन महिने आहेत, इथे काय उरकून घेऊ?

पार्क_चौक

एवढं काय टेन्शन घेतेस? हजार रुपये भर, परमिट घे, एक वर्ष बिनधास्त. माझा मावसभाऊ तिकडे तसाच चालवतोय. विषय संपला.

अशोकचौक_ते_उल्म

पार्क चौक, मावसभावाला तिकडे जाऊन किती महिने झाले ते आधी विचारा. सहाच्या वर झाले असतील तर त्याला म्हणावं, बाबा, किल्ली खुंटीला लाव.

परमिटवर एक वर्षाची मुदत असते हे खरं, पण जर्मनीला त्या वर्षाशी देणंघेणं नाही. तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने आपलं भारतीय लायसन चालतं. परमिट म्हणजे त्या लायसनचं तिथल्या पोलिसाला वाचता येईल असं रूप, बाकी काही नाही. मुक्काम मुळातच वर्षाच्या आतला असेल तर मुदत वाढवून मिळते, पण तू कायमची चालली आहेस, तेव्हा ते विसर. सहा महिन्यांनंतर स्टिअरिंगला हात लावलास तर नुसती पावती फाडून सुटका नाही, विनापरवाना गाडी चालवल्याचा फौजदारी गुन्हा होतो. माहीत असून गाडी दिली तर देणाराही अडकतो, म्हणून तुझी संस्थासुद्धा तारखेवर डोळा ठेवून असेल.

तरी परमिट काढच. पहिले महिने कामाला येतं. फॉर्म ४-ए, पासपोर्ट, लायसन, बाकी माहिती परिवहनच्या साइटवर आहे. आरटीओत जाण्याआधी मात्र घरी बसून लायसन आणि पासपोर्ट शेजारी ठेव आणि नाव अक्षर न् अक्षर जुळव. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नुसतं एक अक्षर, तिसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंगच वेगळं. जर्मन कारकून यावरून तुला महिनाभर पत्रं लिहीत बसेल. (ईमेल नव्हे, पत्रं. सवय होईल.) फरक असेल तर इथेच दुरुस्त कर. मुदत कधी संपते तेही बघ.

आता क्लासचं. जपान किंवा दक्षिण कोरियाचं लायसन असतं तर परीक्षेशिवाय बदलून मिळालं असतं. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यायच्या. पण तुझ्याकडे चालू लायसन असल्यामुळे नवख्या पोरांना जे ठरावीक तास भरावेच लागतात ते तुला सक्तीचे नाहीत, आणि पैसे वाचतात ते तिथेच. जर्मन पोराला पहिलं लायसन अडीच-तीन हजार युरोला सहज पडतं. ड्रायव्हिंग स्कूल मात्र चुकत नाही. प्रॅक्टिकल त्यांच्याच गाडीत, त्यांचे सर शेजारी बसून होते. पुढे स्वतःसाठी थोडे तास घ्यावे लागतात ते वेगळं. घेच.

पोचल्यावर पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात लायसन बदलायचा अर्ज टाक. लायसनचं भाषांतर, डोळ्यांची तपासणी, फोटो आणि प्रथमोपचार कोर्सचं सर्टिफिकेट लागतं. हा कोर्स ४५ मिनिटांच्या नऊ तासिकांचा असतो, पण तू नर्स आहेस. तिकडची नर्सिंगची मान्यता हातात आली असेल तर ते कागद दाखवून सूट मिळू शकते. अर्ज देतानाच विचार. मंजुरीला वेळ लागतो आणि तेवढ्यात सहा महिने कधी सरतात कळत नाही.

खरी गोम प्रॅक्टिकलमध्ये आहे. गाडी उजवीकडून चालवायची, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. लोक नापास होतात ते डोळ्यांमुळे. वळायच्या आधी, लेन बदलायच्या आधी, रस्त्याकडेहून निघताना आरशात बघून झालं तरी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचंच. सायकलवाला नेमका तिथे असतो. नुसते डोळे फिरवलेले परीक्षकाला दिसत नाहीत, मान फिरलेली दिसली पाहिजे.

दुसरं, वस्तीतल्या ताशी ३० च्या मर्यादेच्या गल्ल्या. पाटी नाही, सिग्नल नाही, अशा चौकात उजवीकडून येणारा आधी जाणार, मग तो सायकलवर का असेना. आपल्याकडे अशा चौकात हॉर्न मारून जो नाक घालेल त्याचा नंबर आधी. तिथे चौक आला की आपोआप पाय ब्रेकवर आणि मान उजवीकडे, हे इतकं मुरलं पाहिजे की विचार करायला लागू नये. मोठ्या रस्त्यावर पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर अग्रक्रम तुझा, मग उगाच थांबायचं नाही. थांबलीस तर तेही चुकतं.

तिसरं बायकांना जास्त सांगते, कारण घरच्यांनी आपल्याला ‘हळू, हळू’ करत शिकवलेलं असतं. शहरात ५० ची मर्यादा असताना रिकाम्या रस्त्यावर ३५ ने गेलीस तर परीक्षक त्याला सावधपणा म्हणत नाही, आत्मविश्वास नाही असं लिहितो. सायकलला ओलांडताना शहरात दीड मीटर अंतर, गावाबाहेर दोन. जागा नसेल तर तिच्या मागे मुकाट्याने चालायचं, हॉर्न नाही.

या दोन महिन्यांत इथे नवा क्लास लावू नकोस. पहाटे होटगी रोडला वॅगनआर काढ, क्लच, रिव्हर्स आणि खांद्यावरून बघणं घोट. पप्पांना मागे बसव. तिकडे परीक्षकही मागेच बसतो.

संस्थेला आत्ताच मेल करून विचार, गाड्या ऑटोमॅटिक आहेत की गिअरच्या. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीस तर साधारणपणे लायसनही तेवढंच मिळतं. आणि नवं कार्ड देताना आपलं भारतीय लायसन ठेवून घेतात, तेव्हा डिजिलॉकरमध्ये प्रत आहे ना ते बघून ठेव.

लेस्टरचा_दादा

इंग्लंडला निघालेल्यांनी हे वाचून गोंधळू नये. इथे भारतीय लायसन १२ महिने चालतं आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून. त्यानंतर प्रोव्हिजनल (म्हणजे शिकाऊ लायसन) काढून थिअरी द्यायची, ५० पैकी ४३ बरोबर यायला पाहिजेत. धोका ओळखायच्या व्हिडिओंचे ७५ पैकी ४४ गुण वेगळे. मान वळवणं मात्र इथेही चुकत नाही.

एमएच१३_स्कूटीवाली

ताई, पप्पांना वाचून दाखवलं. मागे बसायला तयार आहेत, गप्प बसायला नाहीत. थिअरी इंग्रजीत देता येते का? आणि तिकडे एखादी स्कूटी घेता येईल का?

अशोकचौक_ते_उल्म

इंग्रजीत देता येते. हिंदी-मराठीत नाही. ३० प्रश्न, चुकलेल्या उत्तरांचे दंडगुण दहापर्यंत असले तर पास, पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. ते दोन प्रश्न बहुतेक अग्रक्रमाचेच असतात, म्हणून वरचा चौक पुन्हा वाच. पण बी-२ आहेस तर जर्मनमध्येच दे. प्रॅक्टिकलला सगळ्या सूचना जर्मनमध्ये असतात, ते शब्द आयतेच पाठ होतील. थिअरी पास झालीस की वर्षाच्या आत प्रॅक्टिकल उरकायची, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

स्कूटीचं म्हणशील तर चारचाकीच्या लायसनवर ५० सीसीची, ताशी ४५ वाली चालते. तुझी ११० सीसीची नाही. ती धाकट्या भावाला देऊन टाक.