तान्हं झोपलेलं असताना तुमचं मांजर, कुत्रा कुठे असतो? अनुभव सांगा

बाळ घरी येऊन तीन आठवडे झाले. आधीपासून एक बोका आहे, सात वर्षांचा, आजवर माझ्याच पांघरुणात झोपलेला. रात्री दर दोन-तीन तासांनी पाजायला उठते आणि अर्धवट झोपेत एकच धास्ती: दार लावलं होतं का? 'मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं' म्हणणारे भेटले. तसलं काही नसतं. पण उबेसाठी ते तोंडापाशी वेटोळं करून बसलं तर एवढ्याशा जिवाला ना त्याला ढकलता येतं, ना बाजूला सरकता येतं. उपदेश नको, तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. फसलेलंही चालेल.

रात्रपाळी
फसलेलंच सांगते. पाळण्यावर घालायची मांजरांसाठीची जाळी मिळते, ती आणून ताणून बांधली आणि निर्धास्त झाले. दुपारी कपडे वाळत घालून आले तर आमची मनी जाळीच्या मधोमध पसरलेली. जाळीची चक्क झोळी झालेली आणि मनीचं पोट बाळाच्या नाकापासून जेमतेम वीतभर वर. दोघंही गाढ झोपेत. माझे हातपाय गार पडले. ओरडले असते तर ती दचकून उडी मारणार, म्हणून श्वास रोखून तिला अलगद उचललं.

जाळी त्याच दिवशी काढली आणि खोलीला जाळीचं दार बसवून घेतलं. हवा येते, रडणं ऐकू येतं, मनी येत नाही. पहिले चार दिवस तिने नखं घासत आकांत केला. एकदा जरी उघडलं असतं तर ओरडलं की दार उघडतं हे ती शिकली असती. पाचव्या दिवशी गुपचूप बाहेरच्या पायपुसण्यावर झोपली. एकच सांगते, दार लावण्याआधी पाळण्याखाली आणि कपाटामागे वाकून बघा. एकदा आम्ही तिला आतच कोंडलं होतं!

शेपटीवाला
आमचा कुत्रा. पाळणा दोन महिने आधीच लावला आणि तेव्हापासून ती खोली त्याला बंद. 'बाळ आलं आणि मला हाकललं' असं त्याला वाटू नये, एवढाच हेतू. रडण्याचं रेकॉर्डिंग आधी अगदी हळू लावायचो आणि सोबत खाऊ द्यायचो. बाळाचं वापरलेलं दुपटं बाळाच्या आधी घरी आणलं, ते तो बराच वेळ हुंगत बसला.

तरी दहाव्या दिवशी बायको बाळाला घेऊन त्याच्या जागेजवळून गेली तेव्हा तो गुरगुरला. मी खेकसलो. पशुवैद्यांनी मलाच झापलं. म्हणाले, गुरगुरणं म्हणजे तो तुम्हाला सांगतोय. ते दाबलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. तेव्हापासून बघायला शिकलो: अंग ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, उगाच ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया. असं काही दिसलं की त्याला शांतपणे दुसरीकडे नेतो. 'आमचा फार गरीब आहे हो' हे वाक्य मी आता ऐकून सोडून देतो. बाथरूमला दोन मिनिटं जायचं असलं तरी एक तर बाळ माझ्यासोबत, नाहीतर कुत्रा दाराबाहेर.

उंबरठा
आम्ही मांजर अडवायला बाळाभोवती उशांचा तट रचला होता. मांजर तो सहज ओलांडायचं. बाळाच्या डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला: अहो, मांजर राहू द्या बाजूला, त्या उशांनीच गुदमरेल! सपाट, घट्ट गादी, बाळ पाठीवर, आणि पहिलं वर्षभर आत उशी, लोड, मऊ खेळणी काही नाही.

लहान मुलांसाठी दारात लावतात ते बुटकं फाटकही मांजराला काहीच नाही. उलट वर बसून ते शेपटी हलवतं.

दोन पिंजरे
पक्ष्यांबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या पोपटाचा पिंजरा बाळाच्याच खोलीत होता. पिसांची धूळ आणि वाळलेली विष्ठा हवेत उडते, म्हणून तो दुसऱ्या खोलीत हलवला. शिवाय आता तो हुबेहूब बाळासारखा रडतो. बायको दोनदा उगाच धावली.

धागाकर्ती
रात्रपाळी, तुमचं वाचता वाचता उठून बघून आले. बाळ माझ्या मांडीवर आणि बोका रिकाम्या पाळण्यात, दुपट्यावर. दुपटं धुवायला टाकलंय. दाराचं माप घेतेय.