मदत हवी आहे : आयर्न-कार्बन डायग्राम पोरं पाठ करतात, समजत काहीच नाही

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, आधीच सांगते.

मी सांगली भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या सेकंड इयरला मटेरियल सायन्स आणि मेटलर्जी शिकवते, यंदाचं चौथं वर्ष. वर्गात ६५ पोरं, तास जेवणानंतरचा, म्हणजे अर्धी जनता डोळे उघडे ठेवून झोपलेली. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण गेल्या आठवड्यात ओरल घेतली आणि डोकंच फिरलं.

एकाला म्हटलं आयर्न-कार्बन डायग्राम काढ (लोखंडात कार्बन किती टक्के आणि तापमान किती, त्यावरून आत काय बनतं याचा नकाशा). पठ्ठ्यानं दोन मिनिटांत काढला, ७२७, ११४७, ०.७६, २.१४, ४.३, ६.६७ सगळे आकडे जागच्या जागी, मी खूश. मग सहज विचारलं, घरी बिडाचा तवा आहे का रे? आहे मॅडम. पडला तर? फुटतो. आणि कोयता पडला तर? नाही फुटत. मग या डायग्रामवर तवा कुठे आणि कोयता कुठे, बोट ठेव. तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी आउट ऑफ सिलॅबस विचारलंय. पुढच्या अकरा जणांना तेच विचारलं, एकीनंच बरोबर दाखवलं आणि तिच्या वडिलांची फाउंड्री आहे, म्हणजे त्यात माझं काहीच क्रेडिट नाही.

पोरांना तरी काय बोलणार, पेपरात प्रश्नच 'डायग्राम काढा, नावं द्या' असा येतो. आणि खरं सांगायचं तर मी पण बीईला असाच पाठ केला होता. परलाइट म्हणजे मिठासारखा कुठला तरी एक पदार्थ असंच डोक्यात होतं, एमईला मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा कळलं की अरे हे तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे आहेत, एक फेराइटचा (जवळपास शुद्ध लोखंड) एक सिमेंटाइटचा (लोखंड-कार्बनचं कडक संयुग).

लॅबची अवस्था : दोन मायक्रोस्कोप, त्यातला एक चालू. मफल फर्नेसचा थर्मोकपल (तापमान मोजणारा) गेलाय, कोटेशन फिरतंय. पोरं एमरी पेपरवर सँपल तिरकं घासतात, मग अर्धं फोकसमध्ये आणि अर्धं धूसर, आणि नायटल (अ‍ॅसिडचं द्रावण) लावून नीट धुतलं-वाळवलं नाही की सकाळी गंज.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, फर्नेसशिवाय १०-१५ मिनिटांत वर्गासमोर करता येईल असं काहीतरी, ज्यात लोखंड आतून बदलतं हे दिसेल. दोन, लेव्हर रूल, म्हणजे डायग्रामवरून दोन फेजचं (आतल्या घटकांचं) प्रमाण काढायची रीत. सूत्र सगळ्यांना येतं पण समोरचा हात भागिले पूर्ण लांबी की जवळचा हात, यात दरवेळी गोंधळ. व्हिडिओच्या लिंका नकोत प्लीज, एनपीटीईएल बघूनच मी तयारी करते, पण तीच लेक्चरं दुपारी अडीच वाजता लावली की मागचे बाक घोरतात.

प्रतिसाद : भट्टीवाला, भोसरी

ताई, फर्नेस कशाला लागते? मी २२ वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये आहे, आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी शिवणाच्या सुया देतो. मोठ्या, गोधडीच्या घ्या, बारीक नकोत. सुईत कार्बन भरपूर असतो म्हणून जमतं, साध्या बाइंडिंग तारेला हेच केलंत तर काही होणार नाही (ते पण करून दाखवा, त्यातच अर्धा धडा आहे).

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमधला बर्नर मागून घ्या. पहिली सुई आहे तशी वाकवा, थोडी वाकेल, परत सरळ होईल, जास्त जोर दिला तर मोडेल. दुसरी सांडशीत धरून लालभडक करा आणि ज्योतीतून हळूऽऽ वर काढत न्या, घाई नको. गार झाली की तारेसारखी वाकते. तिसरी लाल करून पाण्यात. इथेच सगळे चुकतात, वाटी हातभर लांब ठेवतात आणि सुई वाटेतच काळी पडते, एवढ्याशा जिवात उष्णता ती किती. वाटी बर्नरला चिकटून पाहिजे. ही सुई वाकवायला गेलात की काचेसारखी टक्. मोडताना वर फडकं धरा आणि गॉगल घाला, तुकडा उडतो. चौथी पाण्यात टाकलेलीच घ्या, एमरीने पांढरी करा आणि ज्योतीच्या वर लांबून शेकवा, आधी गवती पिवळा रंग येईल मग जांभळट मग निळा, निळ्यावर थांबा. ती परत स्प्रिंगसारखी होते.

आणि एक चुंबक जवळ ठेवा. लाल सुई चुंबकाला लागत नाही, हे बघून पोरं उठून पुढे येतात, गॅरंटी.

प्रतिसाद : कसबा पेठेतला

मी इंजिनिअर नाही, वाचून राहवलं नाही म्हणून. आमच्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम करतात, ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग पुढे ठोकलं तर चिरतं म्हणून मध्येच भट्टीत घालून मऊ करून घेतात. लहानपणी आजोबांना विचारलं होतं की ठोकल्यावर कडक का होतं, ते म्हणाले तांबं रागावतं, तापवलं की विसरतं. तुमच्या सिलॅबसमध्ये हे असेलच काहीतरी नावाने.

प्रतिसाद : जुना मास्तर

वरच्या काकांचं वाक्य मी बेधडक चोरणार आहे. वर्क हार्डनिंग आणि अनीलिंग याच्यापेक्षा सोपं सांगता येत नाही.

लेव्हर रूलबद्दल : तो उलटा शिकवा. कार्बन देऊन परलाइट किती हे विचारायचं नाही, फोटो देऊन कार्बन किती ते विचारायचं. अनील केलेल्या (तापवून अगदी हळू गार केलेल्या) ईएन ८ चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा, मायक्रोस्कोपमधला फोटो प्रिंट करा, प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर १० बाय १० ची जाळी आखा, फोटोवर ठेवा आणि शंभरातले किती छेद काळ्यावर पडतात ते मोजायला लावा. समजा ५० आले. काळं म्हणजे परलाइट, त्यात ०.७६ कार्बन, पांढऱ्यात (फेराइट) जवळपास शून्यच. म्हणजे एकूण ०.३८ च्या आसपास. सूत्र लागलंच नाही. मग सांगा की हाच लेव्हर रूल, आणि फेराइटमधला ०.०२२ धरला तर ०.३९ येतो. बाजारातलं ईएन ८ साधारण ०.४ चंच असतं. पोरांना स्वतःचं उत्तर डब्यावरच्या लेबलशी जुळलं की जो आनंद होतो तो वेगळाच.

नॉर्मलाइज केलेलं (हवेत गार केलेलं) सँपल मात्र घेऊ नका, त्यात परलाइट जास्त दिसतो आणि उत्तर फुगतं.

हाताच्या गोंधळावर : सी-सॉवर जड पोरगं टेकूच्या जवळ बसतं. ज्या टोकाच्या जवळ तुमचा बिंदू, तो फेज जास्त. आधी नुसतं जास्त कोण ते बोलायला लावा, आकडा नंतर.

एक खोच राहिली. तुमच्या तव्याचं उदाहरण छान आहे पण करड्या बिडात कार्बन बराचसा ग्रॅफाइटच्या पाकळ्या होऊन बसलेला असतो, सिमेंटाइट नव्हे. त्यामुळे ६.६७ च्या (म्हणजे सिमेंटाइटच्या) रेघेवाला डायग्राम तव्याला पूर्ण लागू होत नाही. हुशार पोरगं विचारेल, तयारीत राहा.

धागाकर्ती

तिघांनाही मनापासून थँक्यू. काल केलं, आल्यापासून कधी लिहिते असं झालंय.

पहिल्या दोन सुया वाया, वाटी लांब होती (भट्टीवाले काका, तुम्ही सांगूनसुद्धा!). तिसरी टक् करून मोडली तेव्हा मागच्या बाकावरनं 'वन्स मोअर' आला. चुंबकाचं तर सगळ्यांना स्वतः करून बघायचं होतं, रांग लागली, तास संपून पुढच्या सरांचा तास दहा मिनिटं खाल्ला, ते चिडलेत. निळी सुई मला जमली नाही, एकदम निळी होऊन पुढे करडी पडते, हात अजून बसायचाय.

जाळीचं पण दोन बॅचला दिलं, उत्तरं ०.३१ ते ०.४६ आली. का वेगवेगळी यावरच अर्धा तास गेला, आणि तो माझा या सेमिस्टरमधला सगळ्यात चांगला अर्धा तास होता.

पण आता अडचण अशी. ओरलला बोट न ठेवणाऱ्या त्याच मुलानं विचारलं, मॅडम, पाण्यात टाकलेली सुई डायग्रामवर कुठे? आणि मी काही बोलायच्या आत ती फाउंड्रीवाली म्हणाली, आमच्याकडे पण तसंच होतं, पप्पा पाचरीसारखा वेज ओततात आणि थंड झाला की फोडून बघतात, टोक पांढरं आणि जाड बाजू करडी, धातू एकाच लॅडलमधला (ओतायच्या पळीतला). मी म्हटलं उद्या सांगते. टीटीटी डायग्राम (गार व्हायला लागणारा वेळ धरून काढलेला) पुढच्या युनिटमध्ये आहे, तीन आठवडे लांब. आत्ताच काढू का?

जुना मास्तर

काढाच. सुई डायग्रामवर नाहीच आहे, मार्टेन्साइट (एकदम गार केल्यावर होणारी कडक रचना) त्यात कुठेही नाही, कारण त्या डायग्रामला घड्याळच नाही, तो सगळं सावकाश झालं तर काय होईल एवढंच सांगतो. आणि हे तुम्ही सांगू नका, त्या मुलीला एक वेज आणायला सांगा आणि वर्गात तिलाच फोडू दे.

भट्टीवाला, भोसरी

निळ्याचं सांगतो. ज्योतीत धरू नका, जाड पत्रा तापवा आणि सुई त्याच्यावर ठेवा, रंग हळू चढतो. निळा दिसला की लगेच उचला.