मदत हवी आहे: जळगाव-सावदा दोन सर्व्हर, विटनेस (कुठला सर्व्हर चालू राहील हे ठरवताना तिसरं मत देणारा) कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी. आमचा केळीचा व्यापार. ऑफिस जळगावला, पॅकहाउस सावद्याला, दोन्हीकडे एकेक सर्व्हर. डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर 2019, स्टँडर्ड आवृत्ती, तीन डेटाबेस: वजनकाटा, हिशेब, गाडीभाडं. मागे जळगावची वीज गेली, यूपीएसही संपला आणि भरलेले ट्रक पावतीसाठी रात्रभर काट्यावर उभे. केळी थांबत नाहीत, पिकत जातात. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आधी मिररिंग केलं, म्हणजे एका सर्व्हरच्या डेटाबेसची ताजी प्रत दुसऱ्यावर. पण ते 2012 च्या आवृत्तीपासूनच मोडीत काढायच्या यादीत, शिवाय स्टँडर्डमध्ये फक्त सिंक्रोनस, म्हणजे दुसरीकडे नोंद पोचेपर्यंत पहिलीकडे थांबायचं. लिंक मंदावली की काट्यावरची एंट्री अडकायची. आता लिंक फायबरची आहे. फेलओव्हर क्लस्टर इन्स्टन्सला (एक सर्व्हर पडला की दुसरा त्याच डेटावर सुरू होतो) सामायिक स्टोरेज लागतं, दोन गावांत ते परवडत नाही. महिनाअखेरीला स्नॅपशॉट (डेटाबेसचं त्या क्षणाचं चित्र) घेतो, पण तो मूळ डेटाबेसवरच अवलंबून, म्हणून बॅकअप वेगळा आहेच.

सध्या बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुप बसवलेत, म्हणजे दोन्ही सर्व्हरवर प्रत, एक पडला की दुसरा काम घेतो. एका ग्रुपमध्ये एकच डेटाबेस बसतो, म्हणून तीन. महागड्या एंटरप्राइझ आवृत्तीचं बजेट नाही. दोन सर्व्हर आणि विटनेस यांचं एकेक मत, चालू राहायला बहुमत लागतं. फाइल शेअर विटनेस (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) जळगावातच होता. चाचणीत जळगाव बंद केलं तर तीनपैकी दोन मतं एकदम गेली आणि सावद्याचा सर्व्हर धड असूनही बंद पडला.

भुसावळच्या शाखेत एक साधा पीसी आहे, चोवीस तास चालू ठेवू शकतो. विटनेस त्यावर ठेवू की क्लाउड विटनेस (इंटरनेटवर मायक्रोसॉफ्ट अझूरमधला) घेऊ? आणि तिन्ही ग्रुप एकदमच सावद्याला हलावेत म्हणून तुम्ही काय केलंय?