क्वार्टरबॅक तयार आणावा की ड्राफ्ट करून घडवावा?

ऑरेंज_रविवार:
२०१५ साली डेन्व्हरला आलो आणि पहिल्याच सीझनला इथल्या ब्रॉन्कोजनी अमेरिकन फुटबॉलची फायनल, म्हणजे सुपर बोल, जिंकली. मला वाटलं, इथे हे दरवर्षी होत असावं. त्यानंतर आठ वर्षं प्लेऑफचं (सीझननंतरच्या बाद फेरीचं) तोंड पाहिलं नाही! आमचा क्वार्टरबॅक (पास टाकून खेळ चालवणारा) मॅनिंग निवृत्त झाल्यावर सिमियन, कीनम, फ्लॅको, लॉक, ब्रिजवॉटर, विल्सन... २०२० मध्ये तर कोविडमुळे सगळे क्वार्टरबॅक एकदम बाहेर बसले आणि प्रॅक्टिस स्क्वॉडमधला (राखीव) रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा, केंडल हिंटन पास टाकत होता. ९ पैकी १ पूर्ण. ती मॅच मी शेवटपर्यंत पाहिली, का ते विचारू नका.

मेहुणा म्हणतो, तयार माणूसच आणावा, मॅनिंग बघ. मी ड्राफ्टवाला, म्हणजे कॉलेजातून नवा पोरगा निवडून घडवावा या मताचा. पण २०१६ ला पॅक्स्टन लिंच पहिल्या फेरीत आपणच घेतला होता, आणि तो जेमतेम चार मॅच सुरुवातीपासून खेळला. मग खरं काय?

चीजवाला_६:
आमच्या ग्रीन बेने रॉजर्सला २००५ मध्ये ड्राफ्टमध्ये २४ व्या पिकवर (निवडीच्या क्रमावर) घेतलं आणि तीन वर्षं बसवून ठेवलं. २०२० मध्ये लव्ह, २६ वा पिक, पुन्हा तीन वर्षं. पण ही चैन ज्याच्या घरात आधीच चांगला क्वार्टरबॅक आहे त्यालाच परवडते. तुम्ही लिंचला कोणाच्या मागे बसवणार होतात, सिमियनच्या?

कॅपचा_कारकून:
मेहुण्याला विचारा, मॅनिंगसाठी किती पिक, म्हणजे ड्राफ्टमधले निवडीचे हक्क, दिले? शून्य. २०१२ मध्ये तो फ्री एजंट (करारातून मोकळा) होता. विल्सनसाठी २०२२ मध्ये दोन पहिल्या फेरीचे, दोन दुसऱ्या फेरीचे पिक आणि तीन खेळाडू गेले. वर, ब्रॉन्कोजसाठी एकही मॅच खेळायच्या आधी त्याच्याशी पाच वर्षांचा, २४ कोटी डॉलरच्या वरचा नवा करार. दोघेही 'अनुभवी', पण सौदे अगदी वेगळे.

दुसरं म्हणजे ड्राफ्टची खरी कमाई पोराच्या हातापेक्षा त्याच्या स्वस्त पगारात आहे. २०१० ला पहिल्या पिकवर आलेल्या ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलर गॅरंटीड मिळाले. लीग आणि खेळाडूंमधल्या २०११ च्या करारानंतर रुकींचे (नवख्यांचे) पगार पिकच्या नंबरावर बांधले गेले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पिकला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून सव्वादोन कोटींच्या आत. सॅलरी कॅपमधून (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) उरलेल्या पैशात लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) आणि डिफेन्स उभा राहतो.

विल्सनला काढल्यावर साडेआठ कोटींचा डेड मनी (गेलेल्या खेळाडूचे कॅपमध्ये मोजले जाणारे पैसे) अंगावर आला: २०२४ मध्ये ५.३ कोटी, २०२५ मध्ये ३.२. नसलेल्या माणसाचा पगार! तो पेलला, कारण २०२४ ला १२ व्या पिकवर घेतलेला बो निक्स रुकीच्या पगारात खेळत होता, आणि पहिल्याच वर्षी १०-७ करून प्लेऑफला गेला. त्याला फारसं घडवावंही लागलं नाही, कॉलेजातच ६१ मॅचेस सुरुवातीपासून खेळून आला होता.

महाग अनुभवी माणूस चालतच नाही असं नाही. अनुभवी क्वार्टरबॅक स्टॅफर्डसाठी रॅम्स संघाने आपला क्वार्टरबॅक गॉफ आणि तीन पिक दिले आणि पहिल्याच सीझनला सुपर बोल जिंकली. पण तिथे डिफेन्सचा डोनाल्ड आणि रिसीव्हर कप आधीच होते. घर बांधून झालेलं, फक्त दार बसवायचं होतं.

चौथा_डाऊन:
'घडवणं' हा शब्द जपून वापरा. २०२१ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. २०२४ चा सीझन सुरू झाला तेव्हा मूळ संघात एकटा लॉरेन्स उरला होता. डार्नोल्डला २०१८ मध्ये जेट्सनी तिसऱ्या पिकवर घेतलं, आणि १४ मॅच जिंकल्या त्याने २०२४ मध्ये मिनेसोटात, चौथ्या संघाकडून. त्याला घडवलं कोणी?

ऑरेंज_रविवार:
मेहुण्याला ५.३ अधिक ३.२ करून दाखवलं. तो म्हणतो, ठीक आहे, मग मॅनिंगवाली सुपर बोलची रिंग (विजेत्यांची अंगठी) परत करून टाका. शिवाय त्या सीझनला मॅनिंगचे टचडाऊन (गोल करणारे पास) ९ आणि इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पकडलेले पास) १७, आणि सुपर बोलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) डिफेन्सचा व्हॉन मिलर, हे मी सांगायला लागलो तेवढ्यात त्याने फोन ठेवला.