ठरलं नसेल तर कुठलं कॉलेज? ('डोळे मिटून सायन्स घ्या'ला उत्तर)

गिरणाकाठ
परवा इथं एकाने सल्ला दिला: "बारावीनंतर काय करायचं ठरलं नसेल तर डोळे मिटून जळगावातलं सगळ्यात मोठं कॉलेज धरा, सायन्सला टाका, नंतर बदलता येतं." खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा माझ्या मेव्हण्याचा, आणि त्याचं पोरगं चार दिवसांपासून तोंड पाडून बसलंय. म्हणून लिहितोय.

"नंतर बदलता येतं" हे मला सांगू नका. २००८ साली मी बी.एस्सी.ला बसलो, कारण बारावी सायन्स होती आणि वडिलांना चारचौघांत "पोरगं सायन्सला आहे" म्हणायला आवडायचं. केमिस्ट्रीच्या जर्नलला तपकिरी कव्हर, आत दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवलेली रीडिंग. माझं टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं) एकदाही फिकट गुलाबीवर थांबलं नाही, दरवेळी गडद राणी कलर. दोन वर्षं बॅकलॉग ओढले आणि मग बी.ए.ला पुन्हा एफ.वाय.पासून. बरोबरची पोरं एम.एस्सी.ला गेली तेव्हा मी एस.वाय.ला होतो. बदलता येतं, पण दोन वर्षं मोजून.

आता तर नवीन शैक्षणिक धोरण आहे, विद्यापीठाला संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, ते दुसऱ्या शाखेचंच घ्यावं लागतं. म्हणजे ज्याचं ठरलेलं नाही त्याच्यासाठी कॉलेजचं नाव दुय्यम. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स तिन्ही एका आवारात आहेत का आणि मायनरला नेमके कोणते विषय देतात, एवढं बघा. प्रॉस्पेक्टस मागा, विषयांची यादी वाचा. आमच्याकडे लोक बियाण्याची पिशवी घेताना उलटून पालटून वाचतात, पोराच्या कॉलेजचं मात्र नाव ऐकूनच घेतात.

केळीबाग
तो सल्ला माझाच. नाव घ्यायला लाज वाटली का भाऊ?
तुमचं टायट्रेशन जमलं नाही हा सायन्सचा दोष कसा? साधा हिशोब आहे. सायन्सचं पोरगं उद्या आर्ट्सला जाऊ शकतं, आर्ट्सचं बी.एस्सी.ला येऊ शकत नाही. ज्याचं ठरलेलं नाही त्याने जास्त दारं उघडी ठेवावीत. आणि मोठं कॉलेज म्हणजे मोठी लायब्ररी, चार जिल्ह्यांची पोरं. तालुक्याच्या कॉलेजात परत तीच दहावीची टोळकी.

गिरणाकाठ
दारं उघडी असतात हे मान्य. पण पोरगं त्या दारातच तीन वर्षं उभं राहतं, त्याचं काय?

तासिकावाला
दोघंही भाबडे आहात. मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या पैशावर, कॉलेजात शिकवतोय, म्हणून आतलं सांगतो. प्रॉस्पेक्टसच्या यादीत विषय असणं वेगळं आणि तो शिकवायला माणूस असणं वेगळं. ज्या कॉलेजात होतो तिथं यादीत अकरा मायनर होते. त्यातले चार मीच. माझा विषय त्यातला एक, उरलेले तीन "सर, तुम्ही बघून घ्या". ओपन इलेक्टिव्हला सायन्सची पोरं कॉमर्सच्या वर्गात बसवली आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांना सारखेच मार्क. पगार किती महिन्यांनी झाला ते विचारू नका.
ठरलेलं नसेल तर एकच प्रश्न विचारा: या विभागात कायमस्वरूपी प्राध्यापक किती? उत्तर द्यायला क्लार्क खुर्चीतून उठला तर समजा शून्य.

गिरणाकाठ
हे पटलं. यादीच्या आधी हे विचारायला हवं. (पण यादी बघायचीच नाही असं तुम्हीही म्हणत नाही आहात, हे नोंदवून ठेवतो.)

पेन्शनर_अमळनेर
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. १९९० च्या आधी आपली सगळी कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. माझ्या पदवीवर पुण्याचा शिक्का आहे आणि तरी मी शिकलो अमळनेरातच. प्रताप कॉलेज १९४५ चं. ज्या गावात १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था निघाली, त्या गावाला तुम्ही "तालुक्याचं" म्हणून नाक मुरडता? प्रताप आणि जळगावचं मू. जे. कॉलेज दोन्ही आज स्वायत्त आहेत. तेव्हा मोठं म्हणजे फक्त जळगाव, हा माज सोडा.

केळीबाग
आबा, माज नाही. पण स्वायत्तचा विषय काढलात तर पुढचंही सांगा. अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाची. पोराचं मन बदललं आणि वर्षभराने साध्या संलग्न कॉलेजात जायचं झालं, की विषय जुळत नाहीत. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट म्हणजे गुणांक ऑनलाइन क्रेडिट बँकेत जमा असतात म्हणे. माझ्या पुतण्याच्या क्रेडिटचं पासबुक घेऊन आम्ही तीन खिडक्या फिरलो.

गिरणाकाठ
म्हणजे "नंतर बदलता येतं" हे तुमच्याच घरात चाललं नाही.

केळीबाग
एक केस झाली म्हणून.

चोपडा_अपडाऊन
कोणीही मूळ गोष्ट बोलत नाही. कॉलेज विषयावर निवडत नाहीत, एसटीवर निवडतात. बहिणीचं प्रॅक्टिकल सकाळी आठला. पहिली गाडी भरून येते, आमच्या फाट्यावर थांबत नाही. ड्रायव्हर हाताने खूण करतो, मागून येतेय म्हणून. मागून कधीच काही येत नाही. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट होता, पुढे तिसरा हिस्सा भरावा लागतो. भरतो. पण पास असून गाडी नाही, मग तो लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवायचा का?

पाचोरेकर
तुमच्याकडे निदान गाडी दिसते तरी. आमची पाचोरा–जामनेर नॅरोगेज २०२० मध्ये बंद पडली. ५६ किलोमीटर. हळू चालायची, चालत्या गाडीतून उतरून पोरं बोरं तोडून परत चढायची असं आजोबा सांगायचे, पण ती येते हे नक्की असायचं. आता ब्रॉडगेज होणार. झाल्यावर कळवतो.

केळीबाग
अरे भो, चर्चा काय चाललीय आणि तुम्ही रेल्वे कुठं आणली?

चोपडा_अपडाऊन
ज्याच्या घरासमोर चारचाकी उभी असते त्यालाच ही चर्चा वेगळी वाटते. एसटीच्या २०२१ च्या संपात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आमच्या गावातल्या सहा मुलींचं कॉलेज सुटलं. त्यातल्या दोघी परत गेल्याच नाहीत, लग्नं झाली. त्यांचं मायनर कोणतं होतं ते विचारू का?

केळीबाग
चारचाकी केळीच्या पैशाची आहे, हरामाची नाही. भाव पडला की तीही विकावी लागते. उगाच घरावर येऊ नका.

चोपडा_अपडाऊन
घरावर कोण आलं? दारात उभी आहे एवढंच म्हणालो.

पेन्शनर_अमळनेर
दोघंही थांबा. अमळनेरला रेल्वे आहे, सुरत–भुसावळ लाइन. हे मी सुरुवातीलाच म्हणणार होतो.

तासिकावाला
आबा, तुमच्या अमळनेरात सगळंच आहे. मला तिथं नोकरी तेवढी लावून द्या.

सातपुड्याची
मी धडगाव भागातली, नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरातली. वाचत होते, लिहिणार नव्हते. तुमच्याकडे "ठरलं नाही" म्हणजे चार गोष्टींतून एक उचलायची असते. माझ्याकडे प्रश्न एकच होता, वसतिगृह कुठं मिळेल. नंदुरबारला शासकीय मुलींच्या वसतिगृहात नंबर लागला म्हणून नंदुरबार. त्या कॉलेजात सायन्सच्या जागा भरल्या होत्या म्हणून बी.ए. भूगोल. ठरवलं कोणीच नाही.
पण भूगोलाच्या सरांनी पहिल्या महिन्यात टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, पसरला आणि म्हणाले, तुझं गाव दाखव. कंटूर, म्हणजे उंचीच्या रेषा, एकमेकांना चिकटलेल्या होत्या, इतका चढ. रोज शाळेला ज्या वाटेने उतरायचे ती वाट बोटाने सापडली. त्या दिवसापासून विषय माझा. आज जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशांचं, काम करते.
हे सगळ्यांचं असं होतं असं म्हणत नाही. माझ्याच खोलीतली एक जण बी.ए. करून घरी बसली आहे. एक मात्र सांगते. वसतिगृहात नंबर नाही लागला तर आदिवासी मुलामुलींना स्वयंम योजनेतून खोली-जेवणाचे पैसे मिळतात, अर्ज करा. ते कोणी सांगत नाही आणि मुलं घरी राहतात.

गिरणाकाठ
ताई, माझ्या सगळ्या लिखाणात जे नव्हतं ते तुम्ही सांगितलं. तरी एक बोलतो, राग मानू नका. तुम्हाला तो सर भेटला हे नशीब. यादी वाचून नशीब थोडं वाढवता येतं.

सातपुड्याची
राग नाही. पण यादी वाचायला आधी त्या कॉलेजच्या दारापर्यंत पोचावं लागतं, दादा.

केळीबाग
ठीक आहे. सायन्स सगळ्यांसाठी नाही, एवढं मागे घेतो. खूश? पण ज्याला बारावीत बऱ्यापैकी मार्क आहेत आणि गणित आवडतं, त्याने उगाच "मला शोध घ्यायचाय" म्हणत बी.ए.ला जाऊ नये, हे कायम. आणि बी.सी.ए., बी.बी.ए. मधला रस्ता म्हणून सुचवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याला २०२४ पासून सीईटी आहे. जूनमध्ये आठवण येऊन उपयोग नाही.

गिरणाकाठ
भाच्याला आज विचारलं, तुला काय आवडतं. म्हणाला, माहीत नाही, पण केमिस्ट्री नको. अर्धं काम झालं. उद्या त्याला घेऊन दोन कॉलेजं फिरणार. यादी मागणार, कायमस्वरूपी किती तेही विचारणार, आणि क्लार्क उठला तर तासिकावाल्यांना फोटो पाठवणार.

तासिकावाला
क्लार्कचा नको, विभागाच्या दाराचा पाठवा. कुलूप असेल.

पाचोरेकर
आणि कॉलेजला सकाळच्या गाडीनेच जा. पोराला रोज जे करायचंय ते एकदा तुम्ही करून बघा. मेव्हण्यालाही न्या.

चोपडा_अपडाऊन
त्यावरून आठवलं. चोपड्याहून सकाळची पावणेसातची गाडी मध्ये बंद केली होती. ती चालू झाली का? कोणाला माहीत आहे?

केळीबाग
चालू आहे. काल डेपोत विचारलं.

चोपडा_अपडाऊन
आली का पण?

केळीबाग
ते नाही विचारलं.